बुलेटच्या ऑईल टाकीतनं रात्रभर ठिबकतंय, ड्रेन प्लग तीनदा आवळून बसवला तरी थांबंना

पेठेतला बुलेटवाला
नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न सिलिंडरचं इंजिन, उजव्या पायात गिअर. वडिलांनी घेतलेली. गेली ९ वर्षं मी चालवतोय आणि काहीही झालं तरी विकणार नाही, त्यामुळं 'विकून नवीन घे' हा सल्ला कृपा करून देऊ नका.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, या बुलेटला ऑईलची टाकी वेगळी लटकत नाही. इंजिनच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या ओतकामातच मागच्या बाजूला एक कप्पा आहे, तीच टाकी. तिथनं पंप तेल उचलतो, इंजिनभर फिरवतो, खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पेटीत) जमलेलं तेल दुसरा पंप परत टाकीत आणून सोडतो.

त्रास असा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरासमोर फरशीवर गाडी मेन स्टँडला लावतो. सकाळी खाली रुपयाएवढा डाग. दोन दिवस गाडी हलवली नाही तर वाटीच्या बुडाएवढा. खाली पुठ्ठा ठेवायला लागलोय, रोज डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारून तारीख घालतो. थेंब टाकीच्या तळाच्या ड्रेन प्लगला (तेल काढायच्या बुचाला) लोंबतो, हे डोळ्यानं बघितलंय.

एका गॅरेजात दाखवली. त्यांनी प्लग आवळला. आठ दिवसांनी परत तेच. मग वॉशर बदललं, परत आवळला. तिसऱ्या वेळी प्लगला भरपूर सिलिकॉन फासून बसवला आणि "बुलेट हाय, गळणारच" म्हणून सांगितलं. मला हे पटत नाही. आमच्या वडिलांच्या हातात असताना ही गाडी कोरडी होती. शिवाय तेल मागच्या टायरवर उडतंय असं वाटतं. पावसाळा तोंडावर आलाय, मागं आई बसते. मला खरंच काळजी वाटायला लागलीय.

सांगलीचा पावणा
एम-सील लाव, वीस रुपयात विषय संपला.

खराद
पावणं, तेलकट जागेवर एम-सील धरत नाही आणि कुठं लावायचं ते अजून ठरलंय कुठं?

बुलेटवाले, माझं उद्यमनगरात लेथ आहे. पहिलं, तो प्लग आता कुणाला आवळू देऊ नका. बाजू ॲल्युमिनियमची, प्लग लोखंडाचा. जोर लावला की आटे बाजूचे जातात, प्लगचे नाही. महिन्याला दोन-तीन असे क्रँककेस माझ्याकडं येतात, सगळे 'जरा घट्ट करा' म्हणून गेलेले. दुसरं, सिलिकॉन फासलाय म्हणताय, तर जास्तीचा गोळा आतल्या बाजूला आलेला असणार. तो सुटून तेलाच्या वाटेत अडकला तर गळतीपेक्षा मोठं दुखणं होतं. तेल काढाल तेव्हा पहिल्यांदा ते खरवडून काढा.

आबा फिटर
मी ४० वर्षं फिटर होतो, बुलेट सोडून दुसऱ्या गाडीला हात फारसा लावला नाही. चार प्रश्न विचारतो, नीट उत्तर द्या. घाई करू नका.

चालून आल्यावर लगेच गळतंय का नुसती उभी असताना?
डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची खुणांची पट्टी) कधी बघता, गार गाडीला का चालू करून?
ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीच्या तोंडाशी तेल असतंय का?
आणि गळणं सारखं चालू राहतंय का कधी आपोआप थांबतंय?

पेठेतला बुलेटवाला
आबा, मनापासून आभार.
१) उभी असताना. परवा कळंब्याला जाऊन आलो, खाली उतरून बघितलं, ओलसर होतं पण थेंब नव्हता. रात्रीतनं डाग.
२) सकाळी गार असताना बघतो. रोज थोडं थोडं तेल घालायला लागतंय.
३) ब्रीदरच्या तोंडाशी तेल आहे, हो. थोडं.
४) हे कधी लक्ष देऊन बघितलं नाही.

आबा फिटर
मग आधी गार गाडीला डिपस्टिक बघून तेल ओतायचं बंद करा. या इंजिनात गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या फटीतनं हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी कमी दिसते, माणूस वरनं ओततो. सकाळी किक मारली की उतरलेलं तेल परत टाकीत येतं, टाकी ओसंडते, आणि जादा तेल ब्रीदरमधनं बाहेर टाकलं जातं. माणसाला वाटतं गाडी गळतीय. अशा कित्येक गाड्यांना नुसतं 'ओतू नका' एवढंच सांगून मी परत पाठवलंय.

पाच मिनिटं गाडी चालवा, बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग डिपस्टिक. आणि सकाळी किक मारायच्या आधी क्रँककेसचा प्लग (टाकीचा नव्हे, दोन्ही वेगळे आहेत) काढून खाली भांडं धरा. किती निघतं ते मोजून सांगा. थोडं निघणारच, तिथं कायम थोडं राहतं.

दुसरी गोष्ट. ब्रीदरच्या तोंडाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. ते दाबून बघा. कडक झालं असेल तर इंजिनातली हवा बाहेर जायला अडते, आणि मग प्रत्येक जोडातनं तेल ढकललं जातं.

गगनबावडा
माझ्या गाडीला हेच झालं होतं. रबर बदललं आणि डाव्या बाजूची गळती थांबली. तुमचं डाव्या बाजूचं प्रायमरी चेनचं (इंजिनकडनं क्लचला जाणाऱ्या चेनचं) कव्हर बघितलं का? त्यातलं तेल वेगळं असतं. मधल्या एका नटावर अख्खं कव्हर बसतं, रबर बसलं नाही की तिथनं पाझरतं.

पेठेतला बुलेटवाला
रविवारी सगळं करून बघितलं.

क्रँककेसमधनं चहाच्या कपाला कमीच तेल निघालं. ब्रीदरचं रबर कडक होतं, चिमटलं तर तडा गेला. बदललं. डावं कव्हर कोरडं आहे. चालवून डिपस्टिक बघितली तर पातळी थोडी वर आली, पण कमी झालेली सगळी नाही. म्हणजे थोडं आत उतरतंय, आणि बाकीचं खरंच बाहेर जातंय.

आबांच्या चौथ्या प्रश्नासाठी आठवडाभर तेल अजिबात ओतलं नाही. सोमवारी डाग, मंगळवारी डाग, बुधवारी लहान. गुरुवारी आणि शुक्रवारी पुठ्ठा कोरडा! डिपस्टिक दोन खुणांच्या मध्ये होती. शनिवारी वरच्या खुणेपर्यंत भरलं. रविवारी सकाळी परत डाग.

आबा फिटर
मिळालं!

प्लग टाकीच्या तळाला आहे. प्लगमधनं गळत असतं तर टाकी रिकामी होईपर्यंत गळलं असतं. तुमचं मध्येच थांबतंय. म्हणजे भोक तळाला नाही, दोन खुणांच्या मध्ये जी पातळी आहे त्या उंचीवर आहे. तेल तिथनं निघून भिंतीवरनं पातळ थरानं खाली ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब होऊन लोंबतं. ते टोक म्हणजे प्लग. तीन वेळा प्लगला शिक्षा झाली, गुन्हा वरचा होता.

चालत्या गाडीत गळत नाही याचंही उत्तर यातच आहे. इंजिन चालू असताना तेलाचा काही भाग वर फिरत असतो, टाकीतली पातळी खाली असते.

खराद
आबा, मानलं तुम्हाला.

शिरोलीकर
मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या तपासणीत काम करते. मोटरसायकलमधलं फारसं कळत नाही पण गळणारं ओतकाम रोज बघते. बुलेटवाले दादा, एक विचारू? गेल्या दोन-तीन वर्षांत इंजिनचं बफिंग केलंय का?

पेठेतला बुलेटवाला
हो. दोन वर्षांपूर्वी. वडिलांच्या पंचाहत्तरीला गाडी चकाचक करून दारात उभी केली होती. टाइमिंग कव्हर आणि मागचा भाग आरशासारखा करून घेतला. पण त्याचा काय संबंध?

शिरोलीकर
बराच संबंध असू शकतो. ओतकाम साच्यात गार होतं तेव्हा बाहेरचा थर आधी आणि लवकर गोठतो, त्यामुळं तो घट्ट असतो. आतला धातू नंतर गोठतो आणि आकसतो, त्यात वायूही अडकतो. तिथं बारीक पोकळ्या राहतात, आम्ही पिनहोल, पोरॉसिटी म्हणतो. वरची साल शाबूत आहे तोवर काही कळत नाही. जोरात ग्राइंडिंग, बफिंग केलं की साल जाते आणि आतल्या पोकळ्यांची तोंडं उघडी पडतात. एकमेकींना जोडलेल्या असल्या तर आतनं बाहेरपर्यंत वाट तयार होते. केसापेक्षा बारीक असते. तरी तिथनं तेल जातं.

तपासायचं सोपं आहे. कारखान्यात आम्ही लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर वापरतो. घरी चुना चालेल. जुने लोक रॉकेल-चुन्याची चाचणी करायचे, त्यातलीच ही. जागा पेट्रोलनं नव्हे, ब्रेक क्लीनरनं स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा. चुना पाण्यात पातळ कालवून ब्रशनं त्या भिंतीवर एक हात द्या, वाळला की पांढरा होईल. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा आणि बसून बघा. जिथं वाट आहे तिथं आधी टाचणीच्या टोकाएवढा पिवळसर ठिपका येईल. पहिला ठिपका महत्त्वाचा, नंतर ओघळ येतो आणि जागा कळत नाही. म्हणून रात्रभर ठेवून सकाळी बघू नका, समोर बसा.

सांगलीचा पावणा
टाल्कम पावडर पण चालते की.

शिरोलीकर
चालते, पण हात लागला की उडते. चुना चिकटून बसतो.

पेठेतला बुलेटवाला
काल रात्री नऊला बसलो. वडील खुर्ची घेऊन शेजारी. त्यांनीच बॅटरी धरली होती.

उजव्या अंगाला, तेल भरायच्या तोंडाच्या खाली साधारण चार बोटांवर चुन्यात एक ठिपका आला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. आधी मला वाटलं चुन्यातलाच खडा आहे. वडील म्हणाले, "हात लावू नको, बघ." दहा मिनिटांत तो मोहरीएवढा झाला. त्याच्या वरच्या अंगाला करंगळीभर अंतरावर दुसरा. मग दोन्हीतनं बारीक ओघळ खाली निघाला, तो थेट प्लगपर्यंत. चुन्यावर तपकिरी रेघ उमटली, जशी भिंतीवरनं पावसाचं पाणी उतरल्यावर उमटते तशी.

दोन वर्षं मी प्लगच बघत होतो. ती आरशासारखी भिंत मी दर रविवारी फडक्यानं पुसत होतो.

आता पुढं काय? वेल्डिंग करून घ्यावं का?

खराद
आर्गन वेल्डिंग करणारे आपल्याकडं चांगले आहेत, पण घाई नको. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशाला आणि त्याच्यावरची ऑक्साइडची पापुद्री वितळायला २००० अंशांच्या वर लागतं. म्हणून ॲल्युमिनियमला एसी करंटवर वेल्ड करतात, त्यानं पापुद्री फुटते. नवं, स्वच्छ ओतकाम असलं तर छान होतं. तुमचं ३८ वर्षं तेलात मुरलेलं आहे. टॉर्च लावली की छिद्रातलं तेल उकळून बाहेर येतं आणि वेल्डमध्येच नवीन भोकं पडतात. नीट करायचं तर इंजिन पूर्ण खोलायचं, ओतकाम तापवून तेल घामासारखं बाहेर काढायचं, मग वेल्ड, मग बेअरिंगची घरं सरळ आहेत का ते तपासायचं. तडा असता तर मी हेच सांगितलं असतं. टाचणीएवढ्या दोन छिद्रांसाठी अख्खं इंजिन खोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय.

गगनबावडा
मग इपॉक्सी?

शिरोलीकर
इपॉक्सी वरनं ठिगळ लावतं. चालतं, पण दोन अटी. पाकिटावर किती तापमान सोसतं ते बघून घ्या. साधं घरगुती इपॉक्सी गरम तेलाच्या इंजिनावर मऊ पडतं. आणि चकचकीत पृष्ठभागावर ते धरणार नाही, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करायला लागेल.

माझं मत वेगळं आहे. पिनहोलवर बाहेरनं झाकण घालण्यापेक्षा वाटच आतनं भरावी. त्यासाठी लॉक्टाइट २९० मिळतं. हिरवं, पाण्यासारखं पातळ. आधीच बसवलेल्या नटाच्या आट्यात झिरपावं म्हणून ते बनवलंय, पण वेल्डमधली, ओतकामातली बारीक छिद्रं भरायलाही तेच सांगितलेलं आहे. हवा मिळेनाशी झाली की ते धातूच्या फटीत घट्ट होतं. १५० अंशांपर्यंत सोसतं, तुमचं तेल तेवढं तापत नाही.

खुबी आहे ती तापवण्यात. जागा हॉट एअर गननं साधारण १२० अंशांपर्यंत तापवा. मग गन बंद. ८५ च्या आसपास उतरली की ब्रशनं २९० लावा. धातू गार होत जातो तशी छिद्रातली हवा आकसते आणि द्रव आत ओढला जातो. गरम असतानाच लावलं तर बुडबुडे येऊन बाहेर येतं, गार झाल्यावर लावलं तर वरच बसतं.

मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचं, कमी दाखवतो. तिथं काळ्या मार्करनं एक ठिपका द्या आणि त्याच्यावर मोजा.

आबा फिटर
ताईंनी सांगितलं ते मला नवीन होतं, पण पटलं. दोन गोष्टी माझ्याकडून. पेट्रोलची टाकी आधी उतरवून दूर ठेवा. ब्रेक क्लीनर लावल्यावर तो पूर्ण उडून गेल्याशिवाय गन चालू करायची नाही, आणि काम अंगणात करा, बंद खोलीत नको.

काढलेलं जुनं तेल डब्यात भरून ठेवा. गटारीत सोडू नका. आपल्याकडं गटार म्हणजे जयंती नाला, नाला म्हणजे पंचगंगा.

खराद
आणि प्लग घेऊन माझ्याकडं या. जुन्या बुलेटचे आटे मेट्रिक समजून टॅप मारू नका, मी पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून बघतो. तांब्याचं वॉशर फेकलं नसेल तर तेही आणा. आवळून आवळून कडक झालेलं तांबं गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की परत मऊ होतं. पोलादाचं याच्या उलट असतं, ते पाण्यात टाकलं की कडक होतं, म्हणून लोक गोंधळतात. मऊ वॉशर असलं की प्लगला जोर लागत नाही, हलक्या हातानं बसतो.

पेठेतला बुलेटवाला
झालं. सविस्तर लिहितो, पुढं कुणाला उपयोगी पडेल.

तेल गरम असताना काढलं. दोन लिटरच्या आसपास. प्लगच्या आतल्या बाजूला काजूएवढा सिलिकॉनचा गोळा निघाला, खरादभाऊ बरोबर बोलले होते. प्लगचे आटे शाबूत आहेत, टाकीचे पहिले दोन गेलेत, बाकीचे धरतात. वॉशर आईच्या गॅसवर लाल केलं आणि वाटीत टाकलं. चिमट्यानं उचलून बोटात वाकवलं तर सहज वाकलं.

छिद्रांच्या जागी ब्रेक क्लीनर, मग गन, मग पांढरा टिश्यू दाबून धरायचा. पहिल्यांदा टिश्यूवर दोन तपकिरी ठिपके आले. परत क्लीनर, पूर्ण वाळवणं, परत गन. दुसऱ्यांदा ठिपके पिवळे. असं सहा वेळा. सातव्या वेळी टिश्यू कोरडा. या कामाला दोन तास गेले आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं असं मला वाटतं. तिसऱ्या वेळेलाच कंटाळून लावून टाकावं असं वाटत होतं.

मार्करच्या ठिपक्यावर १२२. गन बंद केली. ८६ ला ब्रशनं लावलं. आणि खरंच, हिरवा थेंब छिद्रावर होता तो डोळ्यादेखत बसला, मध्ये खळगी पडली. परत एक थेंब दिला, तोही गेला. तिसरा वर राहिला. दुसऱ्या छिद्रानं एकच घेतला. २४ तास गाडीला हात लावला नाही. नंतर वरचं पुसून काढलं, जागा कुठं होती तेही आता दिसत नाही.

नवीन २०डब्ल्यू५० तेल भरलं, चालवून मग डिपस्टिक बघितली, वरच्या खुणेला. परत चुना लावला आणि रात्री अकरापर्यंत बसलो. पांढरा तो पांढरा.

शिरोलीकर
छान! पण थंड गाडीवर पास झालं म्हणजे झालं नाही. पूर्ण तापून गार होण्याची चार-पाच आवर्तनं होऊ द्या, मग सांगा. आणि दादा, बफिंग आता परत नको.

पेठेतला बुलेटवाला
नाही करणार. वडीलच म्हणाले, मळकी असू दे.

सांगलीचा पावणा
एक विचारू? माझ्या गाडीत सगळं तेल रात्रीत क्रँककेसमध्येच उतरतंय. तिथंही हे २९० चालेल का?

आबा फिटर
अजिबात नको! पंपाच्या आसपास असली कुठलीच गोष्ट न्यायची नाही. तुमच्या पंपाची डिस्क घासलीय. ती काढून वाल्व्हच्या बारीक पेस्टनं बैठकीवर हळूहळू घासून घ्यायची, पूर्ण गोल राखाडी छाप उमटेपर्यंत, मग पेस्टचा कणही राहणार नाही असं धुवायचं. वेगळा धागा काढा, तिथं सांगतो.

पेठेतला बुलेटवाला
आज बरोबर एक महिना झाला. मध्ये दोनदा गगनबावड्याचा घाट, एकदा जोतिबा, रोजचं राजारामपुरीचं ऑफिस. काल घाटात जोराचा पाऊस लागला, आई मागं होती, मागचा टायर कोरड्या रबरासारखा धरून चालला.

पुठ्ठा मुद्दाम बदलला नाही. शेवटची पेन्सिलची रेघ दुरुस्तीच्या आदल्या रात्रीची आहे. वडील रोज सकाळी दूध आणायला जाताना वाकून बघतात.

आबा फिटर
वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि डिपस्टिक चालवूनच बघत जा.

पेठेतला बुलेटवाला
सांगितला आबा. ते विचारतायत, तुम्ही गाडी बघायला कधी येताय?